विश्लेषण : शनिवारचे कापडी बूट रोज का नकोत?

पांढरे कापडी बूट म्हटले की महाराष्ट्रातल्या बहुतेकांना शनिवारची सकाळची शाळा आठवते. आठवडाभर काळे बूट, शनिवारी पांढरे. कवायत संपली की ते पुन्हा पलंगाखाली. दहावी झाली, शाळा सुटली, की हे बूटही कायमचे सुटतात. पुढे कॉलेजात किंवा नोकरीत कुणी ते घातलेच, तर ‘पीटीला निघालास का?’ असा टोमणा ठरलेला.

याच बुटांना अमेरिका, युरोप आणि जपानमध्ये गेली साठ-सत्तर वर्षे नीटनेटक्या, सुटसुटीत पेहरावाचा भाग मानले जाते. ‘आयव्ही’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या पोशाखात खाकी पँट, सुती शर्ट आणि खाली साधे कापडी बूट ही जोडी नेहमीची आहे. हा विषय सोलापूरकरांच्या जवळचा आहे. एक तर हे गाव देशभरासाठी शालेय गणवेश शिवते. दुसरे, एप्रिल-मेमध्ये इथला पारा ४३-४४ अंशांपर्यंत चढतो. आणि तिसरे, याच उन्हात आपल्या मुलांचे पाय रेक्झिनच्या काळ्या बुटांत कोंडलेले असतात. म्हणून हा प्रश्न नुसत्या फॅशनचा नाही. सभ्य कपडे कोणते हे कोण ठरवतो, आणि त्याची किंमत कोण मोजतो, हा खरा प्रश्न आहे.

‘आयव्ही’ पेहराव म्हणजे काय?

अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कोलंबिया आदी आठ जुन्या विद्यापीठांच्या गटाला ‘आयव्ही लीग’ म्हणतात. १९५४ मध्ये हा गट अधिकृत झाला तो खेळाच्या स्पर्धांसाठी. या विद्यापीठांतली मुले विसाव्या शतकाच्या मध्यात जे कपडे घालत, त्याला ‘आयव्ही स्टाइल’ हे नाव पडले.

त्यात झगमगाट नव्हता. कॉलरची टोके बटणांनी बसवलेला जाड विणीचा ऑक्सफर्ड शर्ट, खाकी सुती पँट, हिवाळ्यात लोकरी स्वेटर, सैलसर कोट आणि पायात लोफर किंवा कापडी बूट. कपडे चांगल्या कापडाचे, पण वापरून मऊ झालेले असत. कॉलर थोडी विरली, बूट थोडे मळले तरी चालत असे. ‘मी खूप तयारी करून आलो आहे’ असे न दाखवणे हाच या पोशाखाचा नियम होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर यात मोठा बदल झाला. १९४४ च्या ‘जीआय बिल’ या कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांना सरकारी खर्चाने शिकण्याची सोय झाली. लाखो तरुण थेट छावणीतून कॉलेजात आले आणि येताना लष्करातल्या खाकी पँटी घेऊन आले. श्रीमंतांच्या मुलांचा पोशाख आणि साध्या शिपायाची पँट एकाच वर्गात बसली. आज आपण ज्याला ‘चिनो’ म्हणतो, तिची कॉलेजातली लोकप्रियता या काळातली.

त्यात कापडी बूट कुठून आले?

खेळाच्या मैदानातून. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये रबराला गंधक आणि उष्णता देऊन टिकाऊ करण्याची रीत शोधली आणि १८४४ मध्ये तिचे पेटंट घेतले. त्याआधीचे रबर उन्हात चिकट होई आणि थंडीत तडकत असे. टिकाऊ रबर हाती आल्यावर त्याचा तळ आणि वर जाड सुती कापड असा बूट करणे सोपे झाले. ब्रिटनमध्ये अशा बुटांना ‘प्लिमसोल’ म्हणत. जहाजात किती माल भरावा हे दाखवणाऱ्या रेषेचे ते नाव. कापड आणि रबर यांच्या सांध्यावरची पट्टी त्या रेषेसारखी दिसे. अमेरिकेत त्यांना ‘स्नीकर’ म्हणू लागले, कारण रबरी तळामुळे चालण्याचा आवाज येत नसे. ‘स्नीक’ म्हणजे चोरपावलांनी जाणे.

पुढे १९१६ मध्ये ‘केड्स’ आणि १९१७ मध्ये ‘कॉन्व्हर्स ऑल स्टार’ हे बूट अमेरिकेत बाजारात आले. ऑल स्टार बास्केटबॉलसाठी होते. १९३५ मध्ये पॉल स्पेरी यांनी बोटीच्या ओल्या फळ्यांवर न घसरणारा तळ काढला. त्याच वर्षी कॅनडाचे बॅडमिंटनपटू जॅक पर्सेल यांच्या नावाचा कापडी बूट आला. तो आजही विकला जातो. ज्या खेळासाठी हा बूट झाला, त्या बॅडमिंटनचे सुरुवातीचे नियम १८७० च्या दशकात पुण्याच्या छावणीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी बसवले. त्या खेळाला तेव्हा ‘पूना’ असेही म्हटले जाई.

टेनिस खेळून झाले, बोट किनाऱ्याला लागली, की मुले त्याच बुटांवर वर्गात आणि जेवायला जाऊ लागली. हळूहळू खेळाचे बूट रोजचे झाले. तिथे मैदानातून वर्गात आलेला बूट आपल्याकडे मात्र मैदानातच अडकून पडला.

आपल्याकडे ते ‘पीटी’पुरते का राहिले?

बाटा कंपनी १९३१ मध्ये भारतात आली. बंगालमध्ये कोन्नगर इथे सुरुवात झाली, मग बाटानगर उभे राहिले. स्वस्त कापडी बूट हा या कंपनीचा भारतातला मोठा माल होता. त्या काळात बहुसंख्य लोक अनवाणी किंवा चपलेत चालत. चामड्याचा बूट म्हणजे साहेब, वकील, फौजदार. कापडी बूट हा त्या दोहोंच्या मधला, परवडणारा पर्याय होता. शाळांनी तो कवायतीसाठी घेतला, एनसीसीने घेतला, व्यायामशाळांनी घेतला.

त्यामुळे त्याला दोन शिक्के बसले. एक शिस्तीचा : शिट्टी, रांग आणि ‘सावधान-विश्राम’. दुसरा स्वस्ताईचा. ज्याला दोन जोड परवडत नसत, तो मुलगा आठवडाभर कापडी बुटांवर येई आणि इतरांच्या ते लक्षात येई. शनिवारी सकाळी ओल्या खडूने बूट पांढरे करणे हा अनेक घरांतला कार्यक्रम असे. ते कष्ट कुणी विसरलेले नाही. पण त्या आठवणीबरोबर ‘हे गरिबाचे बूट’ ही समजूतही रुजली, आणि पैसा हाती येताच लोकांनी सर्वांत आधी हेच बूट टाकले.

आज तोच तरुण मोठ्या परदेशी कंपनीच्या कापडी बुटांना तीन-साडेतीन हजार रुपये देतो किंवा रस्त्यावर त्यांची ‘फर्स्ट कॉपी’ घेतो. कापड तेच, रबर तेच, विणही तीच. बदलला तो फक्त शिक्का. देशी कापडी बूट काही शे रुपयांत मिळतो, पण त्यावर ‘पीटी’ लिहिले आहे असे आपल्याला वाटते.

या ‘परदेशी’ पेहरावात भारत किती आहे?

बराच. ‘खाकी’ हा शब्दच ‘खाक’ म्हणजे धूळ, माती यावरून आला. १८४६ मध्ये पेशावर भागात उभारलेल्या ‘कोअर ऑफ गाइड्स’ या पलटणीने मातीच्या रंगाचे कपडे वापरायला सुरुवात केली आणि तिथून ते जगभरच्या सैन्यांत गेले. ‘मद्रास चेक्स’ हे चौकडीचे हलके सुती कापड चेन्नई परिसरातल्या हातमागांचे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत त्याचे कपडे निघाले तेव्हा धुतल्यावर रंग उतरल्याच्या तक्रारी आल्या. विक्रेत्यांनी त्यालाच गुण ठरवले : ‘रंग उतरणारच, ती हमी.’ आणि ते कापड आयव्ही पोशाखाची ओळख बनले.

उन्हाळी कोटांचे ‘सीअरसकर’ हे चुण्यांचे कापडही भारतातूनच पश्चिमेला गेले. त्याच्या नावामागे ‘शीर-ओ-शकर’, म्हणजे दूध-साखर, हे फारसी शब्द आहेत : एक पट्टा गुळगुळीत, एक खडबडीत. जाड सुती कामगारी कापडाला इंग्रजीत ‘डंगरी’ म्हणतात, तो शब्द मुंबईच्या डोंगरीवरून आला. बटणांच्या कॉलरचा शर्ट पोलो खेळाडूंच्या शर्टावरून घेतला, आणि तो खेळ इंग्रज शिकले मणिपुरी लोकांकडून.

याचा अर्थ ‘सगळे आपलेच होते’ असा काढून छाती फुगवण्याची गरज नाही. शिवण, बेत आणि नाव त्यांनी दिले. मुद्दा एवढाच की उष्ण हवेत अंगाला बरे वाटेल असे सुती कापड ही आपल्याकडची गरज होती आणि आपल्याकडचेच उत्तर होते. ते थंड प्रदेशातल्या लोकांनी उन्हाळ्यासाठी उचलले. आणि आपण भर उन्हाळ्याच्या गावात पॉलिस्टर, टाय आणि रेक्झिन धरून बसलो.

सोलापूरशी याचा संबंध काय?

सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, म्हणजे आपली ‘जुनी गिरणी’, १८७७ ची. मागून लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्या आल्या. गिरण्या बंद पडल्या तरी पूर्व भागातल्या यंत्रमागांनी गाव चालते ठेवले. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळाले आहे. गेल्या काही दशकांत इथे तयार कपड्यांचा, विशेषतः शालेय गणवेशांचा धंदा वाढला. २०१७ मध्ये इथल्या उत्पादकांनी गणवेशांचे मोठे प्रदर्शन गावातच भरवले. देशाच्या अनेक राज्यांतल्या शाळांचे शर्ट-पँट सोलापुरात शिवले जातात.

आता गणवेशाच्या कपाटाकडे नीट पाहा. पांढरा किंवा आकाशी शर्ट, खाकी किंवा निळी पँट, धातूच्या बटणांचा कोट, पट्ट्यांचा टाय, व्ही गळ्याचा स्वेटर आणि पांढरे कापडी बूट. आयव्ही पेहरावाची ही जवळजवळ पूर्ण यादी आहे. दोन्हींचे मूळ इंग्रजी शाळांच्या आणि खेळाच्या कपड्यांत असल्याने हे साम्य योगायोगाचे नाही. जे कौशल्य जगातल्या मोठ्या दुकानांत महाग विकले जाते, ते इथल्या शिलाईच्या टेबलांवर रोज वापरले जाते. फरक कापडाचा, मापाचा आणि नावाचा. गणवेशात पॉलिस्टर मिश्रण जास्त, कारण ते इस्त्रीला सोपे आणि किमतीला कमी. तिथे चांगले सुती कापड आणि मोठ्यांची मापे आली तर तोच कारखाना मोठ्यांचा ऑक्सफर्ड शर्ट आणि खाकी पँटही शिवू शकतो.

गणवेशाचा धंदा हंगामी आहे. जूनमध्ये शाळा उघडण्याच्या आधी रात्रंदिवस काम, नंतर मंदी. ज्या बाया आणि कारागीर नगावर शिवतात, त्यांच्यासाठी वर्षाचे बारा महिने चालेल असा माल हा रोजच्या पोटाचा प्रश्न आहे. चादरीवर गाव किती काळ तगणार, ही चर्चा आपण नेहमी करतो. साध्या, टिकाऊ, सुती कपड्यांची बाजारपेठ ही त्या चर्चेत यायला हवी अशी गोष्ट आहे.

जपानने काय केले?

दुसऱ्याचा पोशाख उचलून त्यातून आपला उद्योग कसा उभा करता येतो, याचे उत्तम उदाहरण जपान आहे. केन्सुके इशिझु यांच्या ‘व्हॅन जॅकेट’ कंपनीने १९५० आणि ६० च्या दशकांत आयव्ही कपडे जपानी तरुणांपर्यंत नेले. सुरुवातीला समाज खवळला. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकच्या तोंडावर गिंझा भागात असे कपडे घालून फिरणाऱ्या पोरांची पोलिसांनी धरपकड केली. अमेरिकेत जो पोशाख चांगल्या घरच्या मुलांचा, तोच जपानमध्ये उनाडांचा ठरला होता.

पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, ‘टेक आयव्ही’ हे छायाचित्रांचे पुस्तक निघाले. जपानी चमू अमेरिकेत गेला आणि तिथल्या विद्यार्थ्यांचे चालता-बोलता फोटो काढून आणले. त्यात मुले खाकी अर्धी चड्डी, चुरगळलेले शर्ट आणि मळके कापडी बूट घालून दिसतात. हे पुस्तक इतके टिकले की २०१० मध्ये त्याची इंग्रजी आवृत्ती निघाली आणि अमेरिकन लोक आपलेच जुने कपडे जपानी पुस्तकातून शिकू लागले. दरम्यान जपानी कारखान्यांनी हे कपडे मूळ मालापेक्षा चांगले करून दाखवले होते.

आपल्याकडे उलटे होते. जून २०२५ मध्ये मिलानमधल्या प्राडाच्या कार्यक्रमात कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली. राग योग्यच होता, कारण सुरुवातीला मूळ कारागिरांचा उल्लेखही नव्हता. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जे जीआय मिळाले, त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत, आणि त्या चारांत सोलापूरही आहे. पण संतापणाऱ्यांपैकी किती जणांच्या पायात कोल्हापुरी होती? आपली वस्तू परक्याने उचलली की ती आपल्याला आठवते. कापडी बुटांचे तेच होईल, आणि तेव्हा तक्रारीला जागाही नसेल.

कपड्यांचा आणि मानाचा संबंध काय?

‘कसले कपडे नि कसले बूट, माणूस बघा’ असे म्हणणे सोपे आहे. ज्यांना कपड्यांवरून हिणवले गेले त्यांना ते कधीच सोपे नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. पुढे आयव्ही लीग म्हणून ओळखल्या गेलेल्या आठांतलेच हे विद्यापीठ. त्यांचा सूट हा शौक नव्हता. ज्या समाजाने काही जातींना चांगले कपडे घालायलाच मनाई केली होती, त्याला दिलेले ते उत्तर होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी स्त्रियांना जातीची खूण सांगणारी नेसण्याची पद्धत आणि दागिने सोडायला सांगितले. अंगावरच्या खुणा बदलल्या की बघणाऱ्याची नजर बदलावी लागते, हे त्यामागचे शहाणपण.

अमेरिकेतही कृष्णवर्णीय जॅझ वादकांनी आणि नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या विद्यार्थ्यांनी आयव्ही पोशाख असाच आपलासा केला. ज्या विद्यापीठांची दारे त्यांना सहज उघडत नव्हती, तिथले कपडे घालून ते रस्त्यावर उतरले.

म्हणून कापडी बुटांचा पुरस्कार करताना एक काळजी घ्यायला हवी. ज्याला लहानपणी नाइलाजाने हेच बूट घालावे लागले, त्याला ‘साधेपणात गोडी आहे’ असे ऐकवणे हा उद्धटपणा आहे. त्याने पहिल्या पगारात चकचकीत काळे बूट घेतले असतील तर त्याचे अभिनंदनच करावे. साधेपणा मिरवणे श्रीमंताला परवडते, कारण त्याला कुणी गरीब समजत नाही. अमेरिकेतल्या मुलांचे मळके बूट चालून गेले ते याच कारणाने. यावर उपाय एकच : हे बूट सगळ्यांनी घालायचे. मुख्याध्यापकांनी, प्राध्यापकांनी, बँकेतल्या साहेबांनी, नगरसेवकांनी. वरून खाली आलेली गोष्ट गरिबीची खूण राहत नाही.

शाळेत काळे बूटच का?

इथे प्रश्न फॅशनचा उरत नाही. मे २०२२ मध्ये उष्णतेच्या लाटेच्या वेळी केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने शाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात सैल, हलक्या रंगाचे सुती कपडे, टायच्या सक्तीत सूट, आणि चामड्याच्या बुटांऐवजी कॅनव्हासचे बूट घालायला परवानगी द्यावी, असे स्पष्ट म्हटले होते. सूचना पूर्ण देशासाठी होती. सोलापूरसारख्या गावासाठी ती लाटेपुरती न राहता कायमची व्हायला हरकत नव्हती. तरीही बहुतेक शाळांच्या यादीत काळे बूट आणि शनिवारचे पांढरे बूट असे दोन जोड आजही आहेत.

दोन जोड म्हणजे दुप्पट खर्च. मुलांचे पाय वर्षभरात वाढतात, त्यामुळे दरवर्षी दोन्ही जोड नवे. दोन मुले असलेल्या यंत्रमाग कामगाराच्या घरात जूनचा महिना वह्या, दप्तर, गणवेश आणि चार जोड बूट घेऊन येतो. राज्य सरकारने २०२३ मध्ये सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या मुलांना एक जोड बूट आणि दोन जोड पायमोजे द्यायचे ठरवले तेव्हा त्यासाठी प्रति विद्यार्थी १७० रुपये धरले होते. एवढ्या पैशांत टिकाऊ चामड्याचा बूट येत नाही, येते ते रेक्झिन. त्याच पैशांत कापडी बूटही भारी येणार नाही, पण निदान त्यातून हवा तरी खेळेल.

काळा रंग ऊन शोषतो. रेक्झिनमधून घाम बाहेर पडत नाही. मोजे ओले होतात, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, खाज सुटते. दुपारी शाळा सुटल्यावर डांबरी रस्त्याने चालत घरी जाणाऱ्या मुलाला विचारा. सुती कापडातून वारा जातो, ते धुता येते आणि रात्रभरात वाळते. यावर ‘शिस्तीचे काय?’ असे विचारले जाते. शिस्त म्हणजे स्वच्छता, वेळेवर येणे आणि सगळ्यांना एक नियम. ती पांढऱ्या किंवा निळ्या कापडी बुटातही पाळता येते. बुटाच्या काळेपणात शिस्त नसते.

गणवेश खरेदीचे अधिकार डिसेंबर २०२४ मधील निर्णयाने पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आले. म्हणजे निर्णय मुंबईत अडकलेला नाही. समितीत पालक असतात. बैठकीत एक ठराव पुरे : वर्षभर एकच जोड, कापडी.

कापडी बुटांत उणिवा नाहीत का?

आहेत, आणि त्या सांगायला हव्यात.

एक, बहुतेक स्वस्त कापडी बुटांचा तळ सपाट आणि पातळ असतो. पायाच्या कमानीला आधार मिळत नाही. धावण्यासाठी किंवा दहा-बारा तास उभे राहून मागावर काम करण्यासाठी ते योग्य नाहीत. टाचदुखी किंवा मधुमेह असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच बूट निवडावेत.

दोन, पावसात कापड भिजते आणि वाळायला वेळ घेते. सोलापुरात पाऊस कमी असल्याने इथे ही अडचण कोकणाइतकी मोठी नाही, पण जुलै-ऑगस्टमध्ये चपला बऱ्या.

तीन, पांढरा रंग मळतो. ज्या गावात नळाला काही दिवसांआड पाणी येते, तिथे बूट धुवायला पाणी कुठून आणायचे, हा प्रश्न रास्त आहे. त्यामुळे रोजच्या वापराला मातकट, खाकी किंवा निळे कापडी बूट घेणे शहाणपणाचे. आपल्या धुळीचा रंगच खाकी आहे.

चार, फार स्वस्त बुटांत तळ नुसता डिंकाने चिकटवलेला असतो. उन्हात तो सुटतो. घेताना बूट मधून वाकवून पाहावा आणि कापड-रबराच्या सांध्यावरची पट्टी नखाने उचलते का ते तपासावे.

पाच, रबरातून हवा जात नाही. म्हणून आतला सपाट तुकडा काढून वाळवता येत असेल तर उत्तम. रोज तेच बूट न घालता एक दिवसाआड घातले तर दोन जोड एकामागून एक वापरलेल्या दोन जोडांपेक्षा जास्त टिकतात.

घालायचे कसे?

नियम थोडे आहेत. पँट सुती, खाकी, राखाडी किंवा गडद निळी, आणि घोट्याशी संपणारी. खाली गोळा होणाऱ्या पँटीखाली कापडी बूट गबाळे दिसतात. शर्ट पांढरा, आकाशी किंवा बारीक चौकडीचा, सुती. पट्टा साधा. मोजे पांढरे किंवा घोट्याखाली लपणारे. ‘आयव्ही’वाले मोज्यांशिवाय घालतात, पण आपल्या घामात ते करू नये. मोठे नाव छापलेले बूट टाळावेत. या पेहरावाची गंमत नाव न दिसण्यातच आहे.

सदरा-लेंग्याखालीही कापडी बूट शोभतात. विश्वास बसत नसेल तर आषाढीच्या आधी पालख्या सोलापूर जिल्ह्यात शिरतात तेव्हा रस्त्याकडे पाहा. धोतर, सदरा, टोपी आणि खाली कापडी बूट घातलेले वारकरी दिसतात. रोज वीस-वीस किलोमीटर चालणाऱ्या माणसाने पायाला सोसेल ते निवडले. त्याने कुणाला विचारले नाही की हे शोभते का, आणि ते शोभतेच.

मळलेले बूट धुताना नाड्या काढून वेगळ्या धुवाव्यात. जुन्या दातघासणीने साबण लावावा आणि साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळावे. साबण राहिला की पांढऱ्या कापडावर पिवळे डाग पडतात. ओल्या बुटांवर पांढरा पातळ कागद गुंडाळून सावलीत वाळवले तर पिवळेपणा कागदावर उतरतो. कडक उन्हात वाळवू नये, डिंक सुटतो.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट शाळांनी करायची. दोन जोडांची सक्ती काढून एक कापडी जोड पुरेशी मानायची. ज्यांना काळे बूट हवेत त्यांना ते घालू द्यावेत, पण नसल्याबद्दल कुणाला वर्गाबाहेर उभे करू नये.

दुसरी कॉलेजांनी आणि कचेऱ्यांनी. मुलाखतीला, परीक्षेला, बैठकीला स्वच्छ कापडी बूट ‘फॉर्मल नाहीत’ म्हणून अडवण्याचे कारण नाही. ४३ अंशांत कोट-टायची अपेक्षा ठेवणारी कचेरी वातानुकूलित असते, तिथपर्यंत येणारा रस्ता नसतो.

तिसरी इथल्या कारखानदारांनी. लहान मुलांच्या मापात जे शिवतो ते मोठ्यांच्या मापात, चांगल्या सुती कापडात, सोलापूरचे नाव लावून शिवून पाहावे. चादरीने जे नाव कमावले आहे, ते शर्टाच्या आतल्या पट्टीवर शोभेल.

आणि चौथी गोष्ट आपली प्रत्येकाची. बाजारात देशी कापडी बुटांचा एक जोड घ्यावा, स्वच्छ खाकी पँटीवर घालावा आणि सोमवारी कामावर जावे. ‘पीटीला निघालास का?’ असे कुणी विचारलेच तर ‘नाही, कामावर’ एवढेच सांगावे. मोठी माणसे असे चालू लागली, तर आठवडाभर कापडी बुटांवर शाळेत येणाऱ्या मुलाकडे कुणी वेगळ्या नजरेने पाहणार नाही.